दवंडी कोण पिटतं?

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या स्टाफरूममध्ये चहा येतो आणि चहाबरोबर पेपरची पानंही फिरतात. मध्यंतरी एका पुरवणीत जगभरातल्या नामवंतांची यादी आली होती. कुठला नट, कुठली खेळाडू, कुठला उद्योगपती. आपण समलिंगी आहोत हे कुणी कधी जाहीर केलं, फोटोंसकट. आमचे एक ज्येष्ठ सहकारी पेपरची घडी घालत म्हणाले, "अरे साब, होंगे. पर ढिंढोरा क्यों पीटना? हम पीटते हैं क्या?"

सगळे हसले. मीही हसलो. हसताना एक जुनी गोष्ट मात्र मनाला टोचली. ती शेवटी सांगतो.

संध्याकाळी हाटपिपल्याच्या बाजारातून घरी आलो, तर टेबलावर हळदकुंकू लावलेली लग्नपत्रिका. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सगळं साग्रसंगीत. पत्रिका हातात घेतली आणि दुपारच्या प्रश्नाचं उत्तरच मिळालं. वाचकहो, आपण दवंडी पिटत नाही? पाचशे पत्रिका छापतो, बॅंड लावतो, घोडा आणतो, अर्धा रस्ता अडवून नाचतो. मग जन्मभर मंगळसूत्र, जोडवी, नावामागे 'सौ.'. भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालकाचा पहिला प्रश्न, "फॅमिली आहे ना?" कुणाबरोबर संसार थाटला हे आपण दिवसातून दहादा सांगतो. सर्वांसारखं असल्यामुळे ते सांगणं कुणाच्या कानाला लागत नाही, इतकंच. ज्याचं वेगळं असतं, त्याला मात्र तोंड उघडताच 'ढिंढोरा' ऐकावा लागतो.

मग हे नामवंत बोलतात तरी कधी, आणि का? यादी पुन्हा नीट वाचली, तेव्हा लक्षात आलं की स्वतःचा मुहूर्त स्वतः ठरवणारे त्यात फार थोडे आहेत.

पुष्कळांना बोलावं लागलं. १९८१ मध्ये टेनिसपटू बिली जीन किंग हिच्यावर तिच्या पूर्वीच्या मैत्रिणीने खटला भरला आणि सारं चव्हाट्यावर आलं. खोटं बोल, असा सल्ला देणारे भोवती होतेच. तिने नाकारलं नाही, आणि जाहिरातींचे करार भराभर गेले. त्याच वर्षी मार्टिना नवरातिलोवाची गोष्ट एका वर्तमानपत्राने, तिची इच्छा नसताना, छापून टाकली. आपल्याकडे धावपटू द्युती चंद. ओडिशातल्या विणकर घरातली मुलगी, २०१८ च्या एशियाडमध्ये दोन रौप्यपदकं. मे २०१९ मध्ये तिने आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीर केलं. घरातूनच आपल्याला धमकावून पैसे मागितले जात होते, म्हणून आपणच बोललो, असं तिने तेव्हा सांगितलं. गुपित दुसऱ्याच्या हाती लागलं की त्याची किंमत रोज वाढत जाते. ती चुकवायची नसेल, तर ते आपणच मोकळं करणं एवढाच मार्ग उरतो.

काहींना कायद्याने बोलतं केलं. १९८८ साली इंग्लंडमध्ये समलिंगी विषयाचा शाळांत 'प्रसार' होऊ नये म्हणून एक कलम येत होतं. त्यावरच्या रेडिओ चर्चेत नट इयान मॅकेलन यांनी 'त्या लोकांबद्दल' बोलणं सोडून 'माझ्याबद्दल' बोलायला सुरुवात केली. वय अठ्ठेचाळीस होतं. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम होतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते सैल केलं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा आवळलं. मग २०१६ मध्ये नर्तक नवतेजसिंग जोहर, पत्रकार सुनील मेहरा, पाककलेत नाव कमावलेल्या रितू दालमिया, हॉटेल व्यवसायातले अमन नाथ आणि उद्योजिका आयेशा कपूर हे पाचजण स्वतःच्या नावानिशी न्यायालयात उभे राहिले. कायदा आमच्यावर अन्याय करतो असं म्हणायचं, तर 'आम्ही' म्हणजे कोण हे सांगणं आलंच. ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला आणि प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत.

आणि काहीजण दुसऱ्यांसाठी बोलले. 'ॲपल'चे टिम कुक यांनी २०१४ मध्ये लेख लिहून सांगितलं, तेव्हा त्यांची नोकरी-पैसा कशाची अडचण नव्हती. आपल्या बोलण्याने कुणा एकट्या पडलेल्या मुलाला धीर येणार असेल, तर खासगीपणाचा तेवढा त्याग करावा, असा त्यांचा हिशोब होता. मुंबईत पत्रकार अशोक राव कवी १९८६ मध्येच 'सॅव्ही' मासिकातून उघडपणे बोलले होते, आणि त्यांची आईही बोलली होती. त्या काळात त्या माउलीने ते कसं निभावलं असेल! पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक' संस्था काढली आणि या विषयावर मराठीतून लिहीत राहिले. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याच्याकडे स्वतःबद्दल बोलायला शिवीखेरीज शब्दच नसतो. तो शब्द देणं हेही मोठंच काम.

"पण गप्प राहिलं तर कुणाचं काय बिघडतं?" असं विचारणाऱ्यांसाठी आपल्या माळव्याच्या शेजारचीच एक हकीकत. राजपिपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांचं लग्न १९९१ मध्ये झालं, ते झाबुआच्या राजघराण्यातल्या मुलीशी. वर्षभरातच ते मोडलं. लग्न झालं की सगळं सुरळीत होईल अशी त्यांची समजूत होती. आपल्यामुळे एका मुलीचं आयुष्य विनाकारण पणाला लागलं, ही खंत त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली. मार्च २००६ मध्ये ते एका गुजराती दैनिकातून बोलले. गावात पुतळे जाळले गेले, आईने वर्तमानपत्रातून संबंध तोडले. हे सगळं आपण चवीने वाचलं. झाबुआच्या त्या मुलीचा विचार किती जणांनी केला? 'लग्न करून टाका, आपोआप ठीक होईल' असं सांगणाऱ्या प्रत्येकाने तो करावा.

आता एका नामवंत नसलेल्या माणसाबद्दल. तुम्हा-आम्हांसारखेच ते महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपत होते. प्रा. रामचंद्र सिरस, मूळचे नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. कवी होते. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये रात्री कॅमेरे घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली. घरात त्यांच्यासोबत एक रिक्षावाला होता. घुसणाऱ्यांऐवजी सिरस सरांचं निलंबन झालं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली, आणि आठवड्याभरात, ७ एप्रिलला, सर आपल्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. पुढे 'अलीगढ' चित्रपटात मनोज बाजपेयींनी त्यांची भूमिका केली आणि ते 'प्रसिद्ध' झाले. जिवंतपणी त्यांना प्रसिद्धी नको होती. संध्याकाळी दार लावून गाणी ऐकत बसावं, एवढीच त्यांची मागणी. बोलण्याचा हक्क जितका मोठा, तितकाच न बोलण्याचा. आतून उघडलेलं दार आणि बाहेरून फोडलेलं दार यांत फरक आहे, आणि पेपरातल्या यादीत तो दिसत नाही.

त्या यादीत आणखी एक नाव नव्हतं, आणि ते तर आपल्या जिल्ह्याशी बांधलेलं. ई. एम. फॉर्स्टर. एम.ए.ला 'अ पॅसेज टू इंडिया' अभ्यासाला होतं, तेव्हा आमच्या सरांनी अभिमानाने सांगितलं होतं की त्यातल्या गोकुळाष्टमीचा सोहळा फॉर्स्टरने देवासला पाहिलेला. १९२१ मध्ये तो देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव म्हणून सहाएक महिने इथे राहिला. तुकोजीराव म्हणजे राजर्षी शाहूंचे जावई. पुढे १९५३ मध्ये फॉर्स्टरने देवासच्या आठवणींचं 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिलं. चामुंडेची टेकडी त्याने जगाच्या नकाशावर नेली.

त्या पुस्तकात त्याने एक गोष्ट लिहिली नाही. ती त्याच्या कागदांत राहिली आणि मृत्यूनंतर छापली गेली. फॉर्स्टर समलिंगी होता. तो सोळा वर्षांचा असताना ऑस्कर वाइल्डला त्याच कारणासाठी दोन वर्षं सक्तमजुरी झालेली त्याने पाहिली होती. देवासला एकदा त्याला वाटलं की आपल्याबद्दलची कुजबुज महाराजांच्या कानावर गेली. घाबरून त्याने स्वतःच सगळं सांगून टाकलं. आता बोचकं बांधायचं, अशी तयारी. महाराजांनी आधी, बाईऐवजी पुरुष का, असं साधेपणाने विचारलं. बायकांबद्दल आपल्याला तसं काही वाटतच नाही, असं त्याने सांगितल्यावर, मग यात तुमचा दोष नाही, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. नोकरी राहिली, मैत्रीही राहिली.

तुकोजीरावांना देवपण द्यायचं कारण नाही. त्यांनी काढलेला तोडगा वाईटच होता. वाड्यातल्या एका गरीब तरुण नोकराची फॉर्स्टरसाठी सोय लावण्यात आली. त्या नोकराला 'नाही' म्हणायची मुभा किती होती? त्या संबंधांत आपण क्रूर झालो, हे फॉर्स्टरने स्वतःच लिहून ठेवलं आहे. साहेबाची बाजू कागदावर आली. वाड्यातल्या नोकराची आली नाही, आणि अलीगढच्या रिक्षावाल्याचीही नाही. बोलायचं की नाही हे ठरवण्याची चैनसुद्धा मोठ्यांनाच परवडते.

तरीही महाराजांचं ते पहिलं वाक्य माझ्या मनातून जात नाही. शंभर वर्षांपूर्वीचा एक मराठी संस्थानिक, भोवती सोवळंओवळं, उत्सव, दरबार, आणि समोर भीतीने बोलणारा माणूस. पहिला प्रश्न कुतूहलाचा आणि दुसरं वाक्य दिलाशाचं. फॉर्स्टर जगाला कधीच बोलला नाही. अशाच प्रेमावरची 'मॉरिस' ही कादंबरी त्याने १९१३-१४ मध्ये लिहून पेटीत ठेवली. १९४५ मध्ये आई गेली, १९६७ मध्ये इंग्लंडचा कायदा बदलला, तरी ती पेटीतच. १९७० मध्ये तो एक्क्याण्णव्या वर्षी वारला आणि १९७१ मध्ये कादंबरी छापली गेली. जगाला सांगणं त्याला जमलं नाही. देवासच्या एका माणसाला मात्र सांगता आलं.

आता ती टोचलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. कुठला, कधीचा, आता काय करतो, यातलं काहीही लिहिणार नाही. ते सांगण्याचा हक्क त्याचा. चकली खाल्ली, चहा झाला. हिने आत काम काढलं, तेव्हा तो हळूच बोलला. मी ऐकून घेतलं. रागावलो नाही, उपदेश केला नाही, याचं मला त्या वेळी फार कौतुक वाटलं स्वतःचं. शेवटी एवढंच म्हणालो, "ठीक आहे रे. पण आता कुणाला सांगू नकोस."

तो हसला. म्हणाला, "सर, कुणाला सांगायला आलोच नव्हतो. तुम्हाला सांगायला आलो होतो." वाकून नमस्कार करून गेला. नंतरच्या दिवाळ्यांना आला नाही.

माझ्या वाक्यात वाईट काय होतं, हे कळायला मला बराच वेळ लागला. मी त्याची काळजी करतोय असं मला वाटत होतं, पण काळजी होती ती गावाची आणि लोकांच्या तोंडाची. त्याच्यासाठी त्यात एक शब्दही नव्हता. 'तू कसा आहेस?' एवढंही मी विचारलं नाही. तुकोजीरावांनी निदान प्रश्न विचारला होता.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या ओळखीत टिम कुक किंवा राजपुत्र असणार. पण कुणाच्या तरी घरी भाचा असेल, पुतणी असेल, वर्गात शेवटच्या बाकावर एखादा मुलगा असेल. तो पेपरातली यादी वाचतो, आणि यादी वाचताना आपण काय बोलतो हेही ऐकतो. स्टाफरूममध्ये आम्ही हसलो, तेव्हा दाराशी हजेरीपट घेऊन दोन विद्यार्थी उभे होते. त्यांतल्या कुणाला त्या हसण्यातून काय कळलं असेल, हा विचार आता माझा पिच्छा सोडत नाही. नामवंत कधी आणि का बोलतात, याची उत्तरं त्यांच्या मुलाखतींत सापडतात. आपल्या घरातलं माणूस बोलेल की नाही, ते मात्र आपल्या चहाच्या वेळच्या गप्पांवर ठरत असतं.

परवा त्याचा नंबर शोधला. फोन करायचं धाडस झालं नाही, म्हणून निरोप पाठवला: "कसा आहेस? दिवाळीला ये. मागच्या वेळी मी नीट ऐकलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "बरा आहे सर. बघतो."

हिला चकलीची भाजणी थोडी जास्त करायला सांगितली आहे.