वसतिगृहातील नशा आणि भीतीचे राजकारण

मार्च २०२५ मध्ये केरळातील कळमश्शेरी येथील शासकीय तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहावर पोलिसांनी छापा घातला आणि सुमारे दोन किलो गांजा हस्तगत केला. त्यानंतर वादळ उठले ते एकाच मुद्द्यावर : पकडलेले विद्यार्थी कोणत्या संघटनेचे? डाव्या विद्यार्थी संघटनेने काँग्रेसप्रणीत संघटनेकडे बोट दाखविले, तिने ते उलट फिरविले. वसतिगृहातील किती मुले व्यसनाच्या विळख्यात सापडली आहेत आणि त्यांच्यासाठी काय करावयाचे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

प्रतिगाम्यांना हा विषय हवाहवासा वाटतो, हे नवे नाही. २०१६ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठावर हल्ला चढविताना राजस्थानातील एका भाजप आमदाराने तेथे रोज सापडणाऱ्या विड्यांची, बाटल्यांची आणि हाडांची आकडेवारीच जाहीर केली होती! अशा बदनामीला उत्तर देताना आपले कित्येक साथी मात्र उलट टोकाला जातात. आपली चळवळ निष्कलंक आहे हे दाखविण्याच्या भरात तेही पोलिसी भाषा बोलू लागतात, आणि व्यसनी विद्यार्थी हा त्यांच्याही लेखी केवळ अधःपतित ठरतो.

नशेचा धंदा भारतात कोणी उभा केला, याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी बसविली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाने मुंबईत जे रुग्णालय आणि जे कलाविद्यालय उभे आहे, त्यांमागील संपत्तीचा मोठा भाग याच व्यापारातला. १८५८ साली मार्क्सने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात या व्यापाराचे वाभाडे काढले, ते त्याच्या नफ्याचे गणित मांडूनच. आजचे गणित निराळे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातेतील मुंद्रा या खासगी बंदरावर सुमारे तीन हजार किलो हेरॉइन पकडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यातून मेफेड्रोनचा, म्हणजे बाजारातल्या 'एमडी'चा, प्रचंड साठा जप्त केला. खोक्यांनी आणि पिंपांनी होणारा हा व्यापार वसतिगृहातल्या खोलीत पुडीच्या रूपाने पोहोचतो, आणि कायद्याचा हात बहुतेक वेळा त्या पुडीपाशीच थबकतो.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात केवळ सेवनासाठीही तुरुंगवास आहे. त्याच कायद्याचे चौसष्ट-अ हे कलम, स्वतःहून उपचार घेऊ पाहणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देते. पहिली तरतूद प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. दुसरी किती प्राचार्यांना ठाऊक आहे? ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात एका नामवंत अभिनेत्याचा मुलगा तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत राहिला आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी आरोपपत्रातून त्याचे नाव वगळले गेले. त्याच्यापाशी देशातले अग्रगण्य वकील होते. बीडहून वा इंफाळहून शिकावयास आलेल्या शेतमजुराच्या मुलापाशी काय असते?

या भीतीचा परिणाम प्राणघातक असतो. हेरॉइनवर मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या की श्वसन मंदावत जाते. खोलीतले मित्र समजतात की हा गाढ झोपला आहे. घोरण्यासारखा खरखरीत आवाज, निळसर ओठ, हलवूनही जाग न येणे, ही मरणाची लक्षणे आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अशा मुलाला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि ताबडतोब १०८ ला कळवावे. नालोक्झोन नावाचे उतारा-औषध वेळीच मिळाले तर तो वाचू शकतो. परंतु दूरध्वनी केला तर आधी रेक्टर येईल आणि मागोमाग पोलीस, या धास्तीने तास दोन तास निघून जातात. सुटीत वा उपचारांत काही काळ नशा सुटलेला मुलगा परतल्यावर जुनेच प्रमाण घेतो, आणि शरीराची सवय मोडलेली असल्याने तेच प्रमाण त्याचा जीव घेते. एमडीची बाब वेगळी : ती भूक-झोप मारते, शरीराचे तापमान वाढविते, संशयाने मन पोखरते. त्यातून पुडीत नेमके काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ही माहिती देणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन देणे, असा आक्षेप काही ज्येष्ठ साथी घेतात. त्यांची तळमळ खरी आहे; निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. गांजाच्या एका झुरक्याने आयुष्याची राखरांगोळी होते असे व्याख्यानात ऐकलेल्या मुलाने तो झुरका घेतला आणि काहीच झाले नाही, तर त्या व्याख्यात्याने हेरॉइनविषयी सांगितलेले सत्यही तो खोटे मानतो. मणिपुरात सुयांतून पसरलेल्या एच.आय.व्ही.ला आवर घालण्यासाठी शासनाच्याच एड्स कार्यक्रमाला स्वच्छ सुया आणि पर्यायी औषधे द्यावी लागली, ती उपदेश अपुरा पडला म्हणूनच. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'नेही व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानले.

अशा सोयी अत्यंत तोकड्या आहेत. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीसांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. मद्याच्या बाबतीत अडतिसांपैकी एकाला. (मद्यावरील कर गोळा करताना मात्र सरकारी यंत्रणा एकालाही चुकवीत नाही.) शुल्कवाढ, शिकवणी वर्गांचे ओझे आणि पदवीनंतरची बेकारी यांनी तरुण मन कोंडले जाते, तेव्हा त्याला जवळ करावयास संघटना लागते. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात विद्यार्थी मंडळांच्या खुल्या निवडणुका बंद पाडणाऱ्यांनी तोही आधार काढून घेतला.

तेव्हा विद्यार्थी आघाडीवरील साथींनी मागण्या नेमक्या शब्दांत मांडाव्यात. मित्रासाठी मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर वसतिगृहातून हकालपट्टीची कारवाई होणार नाही, असे लेखी परिपत्रक प्रत्येक विद्यापीठाने काढावे. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नालोक्झोन आणि ते देऊ शकणारा माणूस असावा. समुपदेशकाची कायम जागा भरावी आणि त्याच्याकडील नोंदी शिस्तपालन समितीला पाहता येऊ नयेत. चौसष्ट-अ कलमाचा मजकूर स्थानिक भाषेत सूचनाफलकावर लागावा. आणि केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क क्रमांक लावण्यासाठी तर कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. शाखेच्या साथींनी तो या आठवड्यातच प्रत्येक वसतिगृहाच्या भोजनगृहात लावावा.