मुलीचा ब्रश आणि मिश्रीची डबी

मुलांसाठी दातांचा ब्रश कोणता घ्यावा, हा काय आपल्या अंकात लिहायचा विषय झाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. जाहिरातवाल्यांना मात्र तो फार मोठा वाटतो. त्यांची आई हसरी आणि फुरसतीची असते. मुलाच्या दाताला कीड लागली की डॉक्टर तिच्याकडे पाहतो, ती ओशाळते आणि नवा ब्रश आणते. बाप त्या चित्रात सहसा नसतोच. दात मुलाचे, परीक्षा आईची!

सोलापूरच्या पूर्वभागात विडी कामगार बायांच्या वस्त्यांत मी बरीच वर्षे जाते-येते. तिथे ब्रशची चढाओढ दुसऱ्या कंपनीच्या ब्रशशी नाही, मिश्रीच्या डबीशी आहे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, चाळायची, की झाली मिश्री. कुणी तिला मशेरी म्हणते. सकाळी आई बोटाने ती दातांना लावते, शेजारी बसलेली लहानगी तेच करते, आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही, कारण ते ‘दात घासणे’ असते. मुलाच्या खिशात सिगारेट सापडली तर घर डोक्यावर घेतील. बायांच्या तंबाखूला स्वच्छतेचे नाव मिळाले, म्हणून ती कुणाला खुपत नाही.

१९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. चांगलेच झाले. पण घरच्या तव्यापर्यंत तो कायदा कसा पोचणार? मिश्रीने दाढेचा ठणका घटकाभर बसतो, भूक मरते, सुपापुढे बसलेली बाई हजार विड्या पुऱ्या होईस्तोवर उठत नाही. तोंडाच्या कर्करोगाबद्दल सांगा, गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचे होते हे सांगा; ती मान डोलावते आणि डबी उघडते. तिची सवय एका भाषणाने सुटणार नाही. मुलीला ती लागूच न देणे मात्र आजही आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी मुलीच्या हातात दुसरे काहीतरी असावे लागते.

ते कसे असावे? डोके लहान, शेवटच्या दाढेपर्यंत सहज जाणारे. केस मऊ. दांडा जाडसर, लहान मुठीत धरता येईल असा. चित्रे, दिवे, खेळणी यांनी दात स्वच्छ होत नाहीत, किंमत वाढते. तरी पोराला त्याच्यामुळे घासावेसे वाटत असेल तर घ्या बापडे. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, तेव्हापासून घासायचे. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर लड फक्त कंपनीच्या फायद्याची. केस पसरले की, नाहीतर तीन-चार महिन्यांनी, ब्रश बदलायचा. तो धुवायला वाहता नळ लागत नाही. वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड पाणी भरलेल्या या शहराला तांब्याभर पाण्याची किंमत मी काय सांगावी!

‘दुधाचे दात, पडणारच की,’ असे सगळीकडे ऐकू येते. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते ती दुधाची नसते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून घरात कळतही नाही. ती किडून गेली की जन्मभरासाठी गेली.

आणि ब्रश ज्याचा त्याचा हवा. मी पाहिले आहे की नवा ब्रश आला की तो भावाकडे जातो, त्याचा झिजलेला बहिणीकडे. पैसे नाहीत हे खरे. साधा ब्रश वीस-पंचवीस रुपयांचा, पण घरात चार मुले असली की शंभर रुपये होतात. त्यातच सप्टेंबर २०२५ पर्यंत सरकार ब्रशवर १८ टक्के जीएसटी घेत होते, आता ५ टक्के आहे. सॅनिटरी पॅडवरच्या करासाठी बायका भांडल्या आणि २०१८ मध्ये तो गेला. ब्रशसाठी कुणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही.

खरी अडचण तर पुढेच आहे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना नीट घासता येत नाही, मोठ्या माणसाने घासून द्यावे लागते, आणि रात्रीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे. रात्री आई काय करत असते? भांडी आवरून उद्याची पाने कापत असते. तिला आम्ही आरोग्य शिबिरात बोलावतो, आणखी एक काम सांगतो आणि जागृती झाली म्हणून अहवालात लिहितो. हे थांबले पाहिजे. ब्रशवरची बैठक बापांची घ्यावी. मुलांचे रात्रीचे दात बापाने घासून द्यावेत, अशी सरळ मागणी करावी. दोन मिनिटांचे काम आहे, त्याला शिक्षण लागत नाही. पुरुष हसतील, हसू द्या.

विडी घरकुलातल्या एका मैत्रिणीने नवऱ्याला हे काम लावले आहे. पहिले आठ दिवस त्याने निम्मी पेस्ट पोरीच्या गालाला फासली म्हणे. आता यंत्रमागावरून त्याला यायला उशीर झाला तर पोर ब्रश घेऊन दारात उभी असते. मैत्रीण स्वतः अजून मिश्री लावते, पण पोर उठायच्या आत, मोरीचे दार लावून.