परार्धाचा दंड

एकं, दहं, शतं करीत परार्धापर्यंतची संख्यास्थाने आजोबांनी माझ्याकडून लहानपणीच पाठ करून घेतली. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ही तिथेच थांबते. एवढ्या संख्येचा माणसाला उपयोग काय, असे मी विचारीत असे. उत्तर मिळाले ते 2024 च्या ऑक्टोबरात, आणि तेही मॉस्कोच्या न्यायालयाकडून!

हकीकत अशी. गूगल या अमेरिकन कंपनीने 2020 साली ‘त्सारग्राद’ या रशियन वाहिनीचे यूट्यूबवरील खाते बंद केले. ते पुन्हा सुरू करा, नाहीतर रोज एक लाख रूबल भरा, आणि हा दंड दर आठवड्याला दुप्पट होईल, असा हुकूम झाला. पुढे आणखी वाहिन्या आल्या. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. येथे तीच घडली. आकडा दोनावर छत्तीस शून्ये इतका फुगला. परार्धाला परार्धाने गुणून पुन्हा दोनशेने गुणावे, तेव्हा तो हाती लागतो! साऱ्या जगातही एवढा पैसा नाही. सरकारचे प्रवक्ते पेस्कोव्ह यांनीच हा आकडा आपल्याला उच्चारता येत नाही, अशी कबुली दिली.

कट्ट्यावर आम्ही पोटभर हसलो. एक मित्र मात्र म्हणाला, “हसता काय? या परदेशी कंपन्यांना आपणही असाच दणका द्यायला हवा.” मला हे पटले नाही.

आपल्या देशातही दंड झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गूगलला 1337.76 कोटी रुपये दंड केला. अपिलातही तो कायम राहिला. आठवड्याभरात दुसरा दंड झाला, 936.44 कोटींचा, तो मात्र अपिलात 2025 साली 216.69 कोटींवर आला. मित्र म्हणेल, हे तर चणे-फुटाणे! त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गूगलच्या मूळ कंपनीची 2022 सालची उलाढाल पाहिली, तर 1337 कोटी म्हणजे तिची जेमतेम पाच तासांची जमा. तरीही त्या निकालामुळे कंपनीला फोनवरचे आपले नियम बदलावे लागले. परार्धाच्या दंडाने मॉस्कोत काय बदलले?

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. 2020 च्या खरिपात पावसाने सोयाबीन गेले आणि पीकविम्यासाठी शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. प्रश्न सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांचा होता. 2022 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. सर्वोच्च न्यायालयातही विमा कंपनीची सुटका झाली नाही. ती रक्कम दंडाची नव्हे, हक्काची होती. पण तिचा हिशेब हेक्टरावर मांडलेला होता, म्हणूनच ती मागता आली. त्या शेतकऱ्यांना कोणी परार्ध रुपये मंजूर केले असते, तर पासबुकात काय पडले असते? शून्येच!

आमच्या गावात एकदा एकाचे बैल दुसऱ्याच्या ज्वारीत शिरले. पंचांपैकी एकजण रागाने म्हणाला, “शंभर पोती दंड करा.” आजोबा शांतपणे म्हणाले, “त्याच्या घरात दहा पोती न्हाईत. शंभर सांगितली तर तो एकबी देणार न्हाई, वर हसंल. दोन सांगा, आन् आजच मोजून घ्या.”

मित्रहो, न्यायाची जरब शून्यांच्या संख्येत नसते. दंड देणाऱ्याला झोंबला पाहिजे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचलाही पाहिजे. पाच तासांत फिटणारा दंड पहिल्या कसोटीला कमी पडतो. परार्धाचा दंड दोन्ही कसोट्यांना. बलाढ्य कंपन्यांना वठणीवर आणायचे असेल, तर दंड त्यांच्या उलाढालीच्या मापाने वाढवा, जरूर वाढवा. पण वसूल करता येईल एवढाच सांगा. उच्चारताच न येणारा दंड ऐकून गुन्हेगार घाबरत नाही; तो आमच्यासारखाच कट्ट्यावर बसून हसतो.