व्याजस्तुती

अलंकार शिकवण्याचा तास हा मराठीच्या प्राध्यापकाचा सर्वांत निर्धास्त तास असतो. व्याजस्तुती हा अलंकार मी कितीतरी वर्षे शिकवीत आलो आहे. ‘व्याज’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ बहाणा, सोंग. वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा याच्या उलट, असा हा प्रकार. मुलांना ठाऊक असते ते बँकेतले व्याज. म्हणून मी दरवर्षी माझा ठरलेला विनोद करतो, “मुलांनो, दोन्हींत फारसा फरक नाही!” वर्ग हसतो, घंटा होते, मी खडू ठेवून बाहेर पडतो. २०२४ च्या भाऊबीजेला हाच विनोद माझ्या अंगावर कसा आला, त्याची ही हकीकत आहे.

भाऊबीजेला अकोल्याला ताईकडे जायचे हा आमच्या घरचा जुना नेम. अमरावतीहून बडनेऱ्याला यायचे, तेथे गाडी धरायची, मूर्तिजापूर गेले की सौभाग्यवतीने फराळाचा डबा पुन्हा एकदा चाचपायचा, आणि दुपारच्या आत ताईच्या पाटावर बसायचे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचा मुलगा, आमचे भाचेराव, सव्वीस वर्षांचे, वाणिज्य शाखेचे पदवीधर, अकोल्यातच एका खाजगी कंपनीत नोकरीला. पगार सव्वीस हजार. एकुलता एक, निर्व्यसनी, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा.

त्या दिवशी मात्र जेवताना त्याचा फोन सारखा वाजत होता. तो दचकायचा, फोन बंद करायचा, पुन्हा घास घ्यायचा. चौथ्या वेळी तो उठून अंगणात गेला तेव्हा ताई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “पोट्टी हाय वाटते कोनी. दोन महिने झाले, असाच लपून बोलते. पाय बरं तू, इचारून घे त्याले.” तिच्या चेहऱ्यावर रागापेक्षा कौतुकच अधिक होते. मीही मामाच्या अधिकाराने मिशीत हसलो.

संध्याकाळी भाचेराव आम्हांला स्टेशनवर पोहोचवायला आले. गाडीला अवकाश होता. बाकावर बसल्यावर मी विषय काढला, “कुठली आहे रे मुलगी?” तो क्षणभर पाहतच राहिला. मग म्हणाला, “मामा, मुलगी नाही. बँकेची वसुलीवाली माणसं आहेत.”

आणि त्याने फोनवर क्रेडिट कार्डाचे बिल उघडून माझ्या हातात दिले.

देणे होते ६०,००० रुपये. आरंभ झाला होता तो आईसाठी घेतलेल्या फ्रीजने. मग फोन, मग मित्राच्या लग्नातला आहेर, मग पेट्रोल, मग एकदा महिनाअखेरीला त्याच कार्डावर काढलेली रोख रक्कम. बिलात दोन आकडे असत, एक पूर्ण देण्याचा आणि एक ‘किमान देय’ रकमेचा. किमान देय ३,००० च्या घरात. वर्षभर त्याने नेमाने किमान रक्कम भरली आणि आपण देणे फेडतो आहोत अशा समाधानात राहिला. गेले दोन महिने तेवढेही जमले नव्हते, म्हणून विलंबाचा दंड लागला आणि फोन सुरू झाले.

“दर महिन्याला भरतो मामा, पण आकडा जागचा हलत नाही.”

माझ्या खिशात ओवाळणीचे रिकामे पाकीट होते. त्याच्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ६०,००० वर २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८. एकूण २,४७८. भरलेल्या ३,००० मधून हे वजा गेले की मुद्दलात पडतात अवघे ५२२ रुपये! शिवाय पूर्ण बिल फेडले नाही की पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते; आज पाचशेचे पेट्रोल भरले की आजपासूनच त्यावर व्याज. रोख रकमेला तर ती मुदत मुळातच नसते. बिलाच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याज वाढेल. हा इशारा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलेले आहे. वाक्य खरे होते, छापलेलेही होते. फक्त ते कोणी वाचत नाही.

मी प्राध्यापक. समोर श्रोता, गाडीला उशीर. मग काय विचारता! मी त्याला सांगू लागलो की बाबा रे, हा आपला वऱ्हाड प्रांतच एकदा देण्यापायी दुसऱ्याच्या हाती गेला. निजामाच्या नावे इंग्रजांनी फौज ठेवली, तिचा खर्च थकला, आणि १८५३ मध्ये डलहौसीने तहात वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतले. १८६० मध्ये निजामाचे ५० लाखांचे देणे माफ झाले, पण वऱ्हाड काही परत गेले नाही. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर ते इंग्रजांकडे कायमचेच राहिले. देणे फिटते, गहाण गेलेले परत येत नाही! मग व्याज शब्दाची व्युत्पत्ती झाली, अंथरूण पाहून पाय पसरण्याविषयी झाले, आणि शेवटी मी म्हणालो, “आमच्या वेळी असे नव्हते रे. पगार पुरत नसे, पण आम्ही...”

तोवर गप्प बसलेल्या सौभाग्यवतीने आपले दोन्ही हात पुढे केले. हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. ती शांतपणे म्हणाली, “इतिहास राहू द्या. त्याला माझ्या पाटल्यांची गोष्ट सांगा.”

वाचकहो, जी गोष्ट मी सतरा वर्षे कोणाला सांगितली नव्हती, ती फलाटावरच्या बाकावर भाच्याला सांगावी लागली.

२००७ साली मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. रोज अमरावती ते अकोला असा गाडीचा प्रवास. जितके तास घ्यावेत तितके पैसे, आणि ते पैसेही महिनोन्‌महिने हाती येत नसत. नुकतेच लग्न झालेले. ‘प्राध्यापक’ म्हणवून घ्यावे आणि खिशात चहाचे पैसे नसावेत अशी दशा. अशा वेळी गळ्यात टाय बांधलेल्या एका तरुणाने बाजारात मला गाठले, “सर, सर” म्हणत दोन कागदांवर सह्या घेतल्या, आणि महिन्याभरात कार्ड घरी आले. त्या मुलाचे ‘सर’ मला इतके गोड लागले होते की कागद वाचायचे सुचलेच नाही. लग्नानंतरचे सणवार, गाडीचा पास, ग्रंथ, सासुरवाडीला नेण्याच्या भेटी, सारे कार्डावर. वर्षभरात देणे ३८,००० वर गेले. मीही किमान रक्कमच भरत होतो.

जुलै २००८ मध्ये वर्तमानपत्रात वाचले की दिल्लीच्या राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज लावणे अनुचित ठरवले आहे. ते कात्रण मी कितीतरी दिवस खिशात बाळगले, जणू देणेच माफ झाले! पुढे त्या निकालाला स्थगिती मिळाली. फोन येतच राहिले. अखेर एका रात्री मी बायकोला सांगितले. तिने काही विचारले नाही. माहेरहून आलेल्या तीन तोळ्यांच्या पाटल्या काढून दिल्या. त्या वेळी तोळा बारा-तेरा हजारांच्या घरात होता. देणे बरोबर फिटले. तेव्हापासून दर दिवाळीला ताई विचारते, “पाटल्या काहून नाही घातल्या वं?” आणि आम्ही दोघे एका सुरात सांगतो, “लॉकरमध्ये आहेत.”

भाचा ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते, पण खांदे मात्र सैल झाले होते. तो म्हणाला, “मामा, मले वाटलं होतं, तुमाले सांगितलं त तुमी मले नालायक म्हनसान.”

इतक्यात गाडी आली. मी पिशवी उचलली. सौ. बसूनच राहिली. म्हणाली, “गाडी जाऊ द्या. आधी ताईंना सांगू, मग जाऊ.” गाडी गेली. आम्ही तिघे परत ताईच्या दारी.

ताईने सारे ऐकून घेतले. प्रथम मुलाचे, मग माझे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मुलाला म्हणाली, “मले वाटलं पोट्टी हाय. पोट्टी असती त बरं झालं असतं, बापा.” आणि माझ्याकडे वळून, “आन तू रे? सतरा वर्सं माह्यापासून लपवलं? मी काय तुले परकी होतो?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजून नाही.

त्या रात्री पुन्हा हिशेबाला बसलो. एका पैशाची नवी खरेदी न करता दरमहा ठाम ३,००० भरले तरी कार्ड फिटायला ४४ वा महिना उजाडणार होता, आणि एकूण जाणार होते सुमारे १,२९,६०० रुपये. मुद्दलाहून व्याज आणि कर मिळून जास्त! आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे. पण महिन्यामहिन्याने चुकते होणारे व्याज त्या नियमात मोजत नाहीत. म्हणून कितीही व्याज गेले तरी असल्या देण्याला त्याचा बांध पडत नाही.

ताई आपली एकदाणी घेऊन आली. ती आम्ही परत ठेवायला लावली. एका घरातून पाटल्या गेल्या होत्या, तेवढे पुरे. एका मित्राने भाच्याला बँकेशी तडजोड करायचे सुचवले होते. पण तडजोडीने देणे मिटवले तर तशी नोंद पतीच्या अहवालात राहते आणि उद्या घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. शेवटी माझ्या नावे पगारदारांच्या पतसंस्थेतून बारा टक्क्यांनी ६०,००० काढायचे, कार्ड एका दिवसात चुकते करायचे, आणि भाच्याने दहा महिने ६,३३५ रुपये मला द्यायचे असे ठरले. दहा महिन्यांचे व्याज साडेतीन हजारांच्याही आत. कार्डावर दीड महिन्याला तेवढे जात होते.

ताईने एकच अट घातली. पैसे फोनवरून पाठवायचे नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अमरावतीला जाऊन मामीच्या हातात द्यायचे. मला ही अट अडाणीपणाची वाटली. पुढे कळले की सगळ्या व्यवहारात शहाणपणाची गोष्ट तीच होती. बोटाने दाबून गेलेले पैसे जाताना दिसत नाहीत. मोजून दिलेले दिसतात.

डिसेंबरपासून भाचेराव येऊ लागले. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाचा तो २००८ चा निकाल रद्द केला. व्याजाची कमाल मर्यादा ठरवणे हे आयोगाचे काम नव्हे, तो विषय रिझर्व्ह बँकेचा, असे न्यायालयाने म्हटले. माझे ते जुने कात्रण आता खरोखरच रद्दी झाले. योगायोग असा की त्याच दिवशी गाडगेबाबांची पुण्यतिथी होती. भाचेराव दर रविवारी ज्या मूर्तिजापुरावरून येत, त्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, आपल्या मामांच्या घरी, बाबा लहानाचे मोठे झाले. ते मामा सावकारी देण्यात सापडले आणि घर कसे खचले हे त्या भाच्याने पाहिले. पुढे आयुष्यभर कीर्तनात ते लोकांना कळवळून सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका. तेथे मामाचे देणे भाच्याने पाहिले होते. आमच्या घरी भाच्याचे देणे मामाने पाहिले, आणि मामाचे भाच्याने.

सप्टेंबर २०२५ मध्ये दहावा हप्ता आला. कार्ड तर आधीच बंद करून टाकले होते. देणे शून्य असेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तो दाखवावा लागला नाही.

त्या रविवारी जाताना भाच्याने मामीच्या हातात एक लहान पुडी ठेवली. आत हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या होत्या, रोख पैसे देऊन घेतलेल्या. पाटल्या काही परत येणार नाहीत. सोने आता तोळ्याला लाखाच्या वर गेले आहे. वऱ्हाड परत गेले नाही तसेच हे. पण यंदाच्या भाऊबीजेला ताई पाटल्यांचे विचारणार नाही आणि आम्हांला लॉकरचे सांगावे लागणार नाही.

वर्गात मी अजून व्याजस्तुती शिकवतो. तो विनोद मात्र सोडून दिला आहे. त्याऐवजी आता ‘निर्व्याज’ हा शब्द फळ्यावर लिहितो. निर्व्याज म्हणजे ज्यात सोंग नाही ते, हा एक अर्थ मुलांना सांगतो. दुसरा त्यांचा ते ओळखतात.