जनरेटरची नाडी मोजा

धर्माबादला लाइट गेली की शादीखान्यात जनरेटर लागतो. सगळे पंखे एकदम सुरू झाले की त्याचा आवाज जड होतो. तेव्हा विजेचं काय होतं, ते घरी बनवलेल्या फ्रिक्वेन्सी मीटरने कळतं.

आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, म्हणजे ५० हर्ट्झ. चार ध्रुवांच्या जनरेटरला त्यासाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात. ते १४१० वर आले की उरतात ४७ हर्ट्झ.

साहित्य थोडंच: अर्डुइनो ऊनो, ९ व्होल्ट एसी देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, १ किलोओहमचा रेझिस्टर, ऑप्टोकपलर आणि उलट दाबापासून त्याला वाचवणारा डायोड. दर हेलकाव्याला पिन २ वर एक ठोका येतो. प्रोग्रॅम तो मोजतो. एकच सेकंद मोजलं तर एका हर्ट्झची चूक होऊ शकते. १० सेकंद मोजून १० ने भागा, चूक ०.१ वर येते.

मात्र मीटर त्याच्या घड्याळाइतकाच खरा. ऊनोचं घड्याळ किंचित मागेपुढे चालतं. जनरेटरसाठी ते चालेल, ग्रिडची ४९.९० ते ५०.०५ ही बारीक मर्यादा तपासायला नाही.

मुलांनो, २३० व्होल्टची बाजू वायरमनकडून डब्यात बंद करून घ्या. तुमचा हात फक्त ९ व्होल्टच्या बाजूला.