कल्पित गड्यांची वाटणी
अमेरिकेच्या बेसबॉलचा संसार संगणकावर मांडणारा ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा खेळ १९९९ सालचा. त्यांत सगळेच गडी कल्पित, अशी नवी लीगही उभारता येते. मग गड्यांची वाटणी! पहिल्या फेरीत शेवटी निवडणारा दुसऱ्या फेरीत पहिला, असा बहुधा नागमोडी क्रम. गड्यापुढे दोन आकडे: आज किती, उद्या किती. नवशिके ‘उद्या’ला भुलतात, आईबाप पत्रिकेला भुलतात तसेच! पण तो पडला पारख्याचा अंदाज. त्यातून पिचर, म्हणजे आपला गोलंदाज, त्याचा खांदा केव्हा दगा देईल याचा नेम नाही. मला विचाराल तर आधी चपळ शॉर्टस्टॉप आणि भरवशाचा कॅचर गाठावा, दोघेही दुर्मिळ. पहिल्या बेसवरचा दांडगा फटकेबाज मागाहूनही सापडतो.