यंत्राला कारकून करा, संपादक नव्हे!

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत राबणारी आपली मुले आज मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चळवळीच्या संकेतस्थळांचा मजकूर सुधारून घेऊ शकतात. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण शुद्धलेखन सुधारणे वेगळे, इतिहास सांगणे वेगळे! २५ डिसेंबर १९५४ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळपास दोन वर्षे आधी, बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. यंत्र ही तारीख चुकवू शकते. राज्यघटनेच्या शिल्पकाराला नुसते 'दलितांचे नेते' करून टाकू शकते. म्हणून शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे खंड शेजारी ठेवा, शब्द न् शब्द ताडून पाहा. १९२० साली 'मूकनायक' निघाला, तो आपले म्हणणे आपणच मांडावे म्हणून. ते काम यंत्रावर सोपवून कसे चालेल?